टेस्टर

संपादकांचा फोन आला, उदगीरला, भर दुपारी.
मी दहावी 'ब'च्या वह्या तपासत होते.
म्हणाले, कादंबरी चांगली आहे, बाई,
फक्त सातव्या प्रकरणातला हशा काढा.
तिथं मयत आहे. वाचकाला नीट रडू द्या.
मी म्हटलं, बघते.
लाल पेन तसंच उघडं राहिलं, वाळलं.

सातवं प्रकरण असं आहे:
उत्तरेश्वर, माझा धाकटा भाऊ, महावितरणात लाईनमन.
(कादंबरीत नाव बदललंय. इथं नाही.)
नाव उत्तरेश्वर, आणि वर्षभर
विचारलेल्या कशालाच उत्तर नाही.
जेवलास का, झोपलास का, लातूरच्या डॉक्टरनं काय सांगितलं.
एकदाच, गच्चीवर, टाकीला टेकून बसला होता,
मी विचारलं, "काय करूलालास रे?"
तर म्हणाला, "काही नाही. आतमदी लोडशेडिंग हाय.
वेळापत्रक आलं की सांगतो."
मी हसले. तोही हसला, अर्धा.
त्या अर्ध्या हसण्यावर मी तीन महिने निर्धास्त राहिले.
हे मात्र कादंबरीत नाही.

मग तो गेला.
कसा, ते संपादकांनी विचारलं नाही,
मीही लिहिलेलं नाही.

बर्फाची पेटी मंडपवाल्याकडून आली.
भाडं दिवसाचं, वायर आपली.
झाकणावर पिवळ्या अक्षरांत: धन्यवाद, पुन्हा या.
फ्लेक्सवाल्याला हसरा फोटो पाहिजे होता.
चार मोबाईल धुंडाळल्यावर एक सापडला,
कुणाच्या तरी लग्नातला.
कितीही कापला तरी खांद्यावर
एक परका हात राहिलाच, अंगठीसकट.
चौकात पंधरा दिवस तो हात
त्याला धीर देत उभा होता.

रात्री अकराला लाईट गेली.
पेटीची घरघर थांबली.
पुण्याहून निघालेले काका अजून मुरुडच्या पुढं नव्हते.
माणसं अंधारात मोबाईल चाचपत होती
आणि भिंतीशी बसलेली आई, सवयीनं,
रोजच्याच आवाजात म्हणाली,
"उत्तऱ्याला उठवा की रे कुणीतरी.
डीपीवर जाऊन फ्यूज टाकून येईल."

कुणी श्वास घेतला नाही.

मग गोदामावशी फिसकन हसली.
पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.
मग तिच्या शेजारची, मग पेटीशी बसलेले
त्याच्या सबस्टेशनचे तिघं,
मग मी. मग आई स्वतः,
पेटीवर हात आपटत, पोट धरून.
सकाळपासून कोरडीठाक होती ती.
तिथून पुढं रडली, लाईट येईपर्यंत,
आणि आल्यावरही.

हे काढायचं म्हणतात.

त्याचा टेस्टर माझ्या टेबलावर असतो, पेनांच्या डब्यात.
त्यानंच शिकवलं होतं: टोक तारेला, बोट टोपीवर.
आतला इवला दिवा पेटतो
तो आपल्या अंगातून करंट गेला म्हणून.
मी घाबरून हात काढला होता तेव्हा.
"मरायला पुरत नाही, अक्का," म्हणाला,
"कळायला पुरतो."
पानंच्या पानं लिहिली मी, काळीज, पोकळी, काळोख,
एकालाही टेकवून दिवा लागला नाही.
त्या फ्यूजला लागतो.

संध्याकाळी आईला विचारलं,
ते फ्यूजचं राहू देऊ का पुस्तकात?
ती शेंगा फोडत होती.
"लोक हसतेल?"
"हसतील."
बराच वेळ नुसती टरफलं.
"बरं. मग मला साडी तरी धड नेसव त्यात.
त्या दिशी विटकी व्हती."